चाकण ते भोसरी : ओळखीतून नोकरी कशी मिळवावी आणि माणसं कशी भरावीत

आमच्याकडे सीएमएमवर, म्हणजे पार्टची मापं तपासणाऱ्या मशिनवर, बसणारा इंजिनिअर गेल्या वर्षी अचानक सोडून गेला. सोमवारी त्याने राजीनामा टाकला. जागेला मंजुरी, जेडी (कामाचं लेखी वर्णन), पोर्टलवर जाहिरात, एवढं व्हायला आमच्याकडे दहा दिवस सहज जातात. पण गुरुवारी दुपारी माझ्या टेबलावर तीन बायोडेटा होते. एक आला गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे मोजायची साधनं अचूक आहेत का ते तपासायला, येणाऱ्या मुलाकडून. तो महिन्याला पंधरा-वीस कंपन्या फिरतो. दुसरा आमच्या लाइन लीडरच्या आधीच्या कंपनीतला. आणि तिसरी मुलगी, जिला शेवटी आम्ही घेतलं, ती आमच्या एका ट्रेनी मुलीला रोज सकाळी पावणेसहाला नाशिक फाट्याला भेटायची. दोघींच्या कंपन्या वेगळ्या, बस वेगळ्या, थांबायची जागा एकच.

मी १६ वर्षं एचआरमध्ये आहे, आधी भोसरीत, आता चाकणला, आणि सगळी वर्षं वाहनांचे सुटे भाग करणाऱ्या कंपन्यांत. ‘नेटवर्किंग’ म्हटलं की आपल्याकडे दोनच चित्रं डोळ्यांसमोर येतात. एक म्हणजे टाय लावून व्हिजिटिंग कार्डं वाटणारा माणूस, दुसरं म्हणजे वशिला. त्यामुळे भिडस्त माणूस दोन्हींपासून लांब राहतो आणि वर त्याचा अभिमानही बाळगतो. वशिल्यात अंगात गुण नसलेल्याला जागा मिळते. वर सांगितलेल्या तिघांना फक्त बातमी लवकर मिळाली. इंटरव्ह्यू तिघांचाही झाला, प्रॅक्टिकलला तिघांनाही एकच पार्ट मोजायला दिला, आणि कॅलिब्रेशनवाल्याचा उमेदवार त्यात पडला. कॅलिब्रेशनवाला अजूनही येतो, चहा पितो, कुणाला राग नाही.

खाली लिहिते आहे ते आधी नोकरी बघणाऱ्यांसाठी, मग माझ्यासारख्या माणसं भरणाऱ्यांसाठी. जमल्यास दोन्ही वाचा. समोरचा काय विचार करतो ते कळतं.

पायरी १ : वही काढा आणि नावं लिहा

खरोखरची वही. मोबाइलमधल्या हजार नंबरांचा उपयोग नाही, कारण त्यातले निम्मे ‘राजू गॅस’ आणि ‘पप्पू इलेक्ट्रिशियन’ असतात. एका संध्याकाळी बसून ४० नावं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी : कुठे भेटलो, शेवटचं कधी बोललो, आणि मी त्याच्या काय उपयोगी पडू शकतो. तिसरा रकाना रिकामा राहतो म्हणून लोक तो गाळतात. गाळू नका, सगळी गंमत त्याच रकान्यात आहे.

नावं लिहिताना जवळचे मित्र आधी सुचतात. ते लिहा, पण त्यांच्याकडून फार आशा ठेवू नका. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटनमध्ये नोकरी बदललेल्या लोकांना विचारून १९७३ साली एक निबंध लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोक त्या ओळखीच्या माणसाला वारंवार भेटत होते. जवळपास ५६ टक्के अधूनमधून भेटायचे आणि २८ टक्के क्वचितच. कारण साधं आहे. जवळच्या मित्राला जे ठाऊक ते तुम्हालाही ठाऊक असतं. तुम्ही दोघं एकाच कट्ट्यावर बसता. बातमी येते ती दुसऱ्या कट्ट्यावरून. पुढे २०२२ मध्ये लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही तोंडओळखीचं पारडं जड निघालं. मात्र त्यात एक पोटकलम होतं : अगदीच विरळ ओळखीपेक्षा मधली, थोडेफार सामायिक लोक असलेली ओळख जास्त कामाला येते.

आमच्या पट्ट्यात ही मधली माणसं कोण? कंपनी ते कंपनी फिरणारी. इन्सर्ट (धातू कापायची पाती) आणि टूल विकणाऱ्यांचे सर्व्हिस इंजिनिअर, कॅलिब्रेशनवाले, कॉम्प्रेसरच्या एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) माणूस, कस्टमरकडून ऑडिटला येणारे, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंगच्या व्हेंडरकडचे सुपरवायझर. कुठल्या प्लँटला नवी लाइन पडते आहे, कुठे ऑर्डर कमी झाली, कुठला प्लँट हेड सोडतो आहे, हे त्यांना आमच्या डायरेक्टरच्या आधी कळतं. आपण मात्र त्यांना गेटवर अर्धा तास थांबवतो आणि चलनावर सही करून वाटेला लावतो. त्यांना पाणी विचारा, नाव लक्षात ठेवा. वहीत किमान दहा नावं अशा फिरत्या माणसांची असू द्या.

पायरी २ : आपलं काम दोन वाक्यांत

‘मेकॅनिकल इंजिनिअर आहे, ६ वर्षांचा अनुभव, चांगली संधी असल्यास कळवा.’ हे वाक्य मला आठवड्याला वीस वेळा येतं. यात समोरच्याने लक्षात काय ठेवायचं? तुमचा निरोप मधला माणूस तोंडी घेऊन जाणार आहे, चहाच्या टपरीवर, घाईत. त्याच्या तोंडात बसेल असं वाक्य द्या :

‘अॅल्युमिनिअम कास्टिंगच्या मशिनिंग लाइनवर क्वालिटी बघतो. पीपीएपीची कागदपत्रं, कस्टमर कम्प्लेंट आणि सीएमएमचं प्रोग्रॅमिंग माझ्याकडे आहे. तळेगाव-चाकण भागात क्वालिटीतच पुढची जागा बघतोय.’

पीपीएपी म्हणजे पुरवठा सुरू करण्याआधी कस्टमरकडून पार्ट मंजूर करून घ्यायची पद्धत. आता टूलवाला कुठल्याही प्लँटला गेला आणि तिथे कुणी म्हणालं, ‘अरे, पीपीएपी करणारा मिळत नाहीये’, की त्याच्या डोक्यात दिवा लागतो. हेच वाक्य लिंक्डइनवर नावाखालच्या ओळीत टाका. तिथे ‘सीकिंग चॅलेंजिंग अपॉर्च्युनिटी’ लिहिणाऱ्यांना आम्ही शोधूच शकत नाही, कारण आम्ही शोधताना ‘पीपीएपी’, ‘सीएमएम’, ‘डाय कास्टिंग’ असे शब्द टाकतो. कस्टमरचं ड्रॉइंग, पार्टचा फोटो, लाइनचा व्हिडिओ मात्र तिथे चुकूनही चढवू नका.

‘ओपन टू वर्क’ची खूण लावायची असेल तर ती फक्त भरती करणाऱ्यांना दिसेल असा पर्याय निवडा. तुमच्याच कंपनीच्या एचआरपासून ती लपवायचा लिंक्डइन प्रयत्न करतं, पण हमी देत नाही. आमच्या क्षेत्रात एक एचआर दुसऱ्याला फोन करतोच.

पायरी ३ : पहिला मेसेज

नोकरी मागू नका, माहिती मागा. नोकरी देणं समोरच्याच्या हातात बहुतेक वेळा नसतं. मागितली की तो अवघडतो आणि ‘बघतो’ म्हणून विषय संपवतो. माहिती मात्र प्रत्येकाकडे असते आणि सांगायला प्रत्येकाला आवडतं.

हा मेसेज कुणी वाचत नाही : ‘नमस्कार सर, पीएफए सीव्ही. प्लीज डू द नीडफुल.’

हा वाचतात :

‘नमस्कार सर. क्वालिटी सर्कलच्या अधिवेशनात तुमच्या टीमचं लीक टेस्टिंगचं प्रेझेंटेशन ऐकलं होतं, नंतर जेवणाच्या रांगेत आपण बोललो होतो. मी सध्या मशिनिंग लाइनला क्वालिटी बघतो. ईव्हीच्या पार्ट्सकडे वळायचा विचार आहे, पण तिथल्या क्वालिटीच्या कामात नक्की काय वेगळं असतं ते कळत नाही. शनिवारी दुपारी दहा मिनिटं फोनवर बोलता येईल का? नाही जमलं तरी हरकत नाही.’

यात चार गोष्टी आहेत : कुठे भेटलो, मी कोण, नेमका प्रश्न, आणि नाही म्हणायची मोकळीक. बायोडेटा जोडलेला नाही. तो त्यांनी मागितला पाहिजे, आणि बोलणं नीट झालं तर बहुतेक वेळा मागतात.

वेळेचं भान ठेवा. महिन्याच्या शेवटच्या चार दिवसांत डिस्पॅचच्या गडबडीत कुणालाही फोन करू नका. मार्चअखेर तर विसराच. वयाने मोठ्यांना सर-मॅडम, शॉपवरच्या अनुभवी माणसाला दादा किंवा काका. पंचवीस वर्षं मशिन चालवलेल्या सेटरला इंजिनिअर पोरांनी नावाने हाक मारली की तो पुढे काही सांगत नाही. मी बघितलंय.

पायरी ४ : दहा मिनिटांत काय विचारायचं

तीन प्रश्न पुरतात. तुमच्याकडे या कामात माणूस कुठे अडकतो? माझ्या जागी असतात तर आधी काय शिकला असतात? आणि, याबद्दल मी आणखी कुणाशी बोलू? तिसऱ्या प्रश्नाने वहीत एक नाव वाढतं, आणि ‘अमक्यांनी तुमचा नंबर दिला’ म्हणून पुढचा फोन करता येतो. पगार, रजा, कॅन्टीन हे पहिल्या फोनवर नको. दहा मिनिटं मागितली असतील तर नवव्या मिनिटाला आपणच म्हणावं, ‘सर, मी मागितलेली दहा मिनिटं संपत आली.’ पुढे बोलायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या.

पायरी ५ : परत कळवा

इथे शंभरातले नव्वद पडतात. कुणी नाव सुचवलं, आपण त्यांच्याशी बोललो, कदाचित इंटरव्ह्यूही झाला. पण ज्याने नाव दिलं त्याला दोन ओळी कळवायच्या राहतात. त्याला ते तिसऱ्याकडून कळतं. मग तो तुमच्यासाठी पुन्हा शब्द टाकत नाही, आणि का टाकत नाही हे तुम्हाला सांगतही नाही. आपल्याकडे राग असाच शांतपणे धरतात.

कळवण्यासारखं काही घडलं नसेल तरीही कळवा : ‘सर, तुम्ही सांगितलेल्या मॅडमशी बोललो. त्यांच्याकडे आत्ता जागा नाही, पण कोर्स कुठला करावा ते सांगितलं. आभारी आहे.’ नोकरी लागली तर फोन. पेढे घेऊन गेलात तर उत्तमच, पण फोन आधी.

आणि मधल्या काळात वहीतला तिसरा रकाना भरा. टूलवाल्याला तुमच्या जुन्या कंपनीतल्या परचेसवाल्याची ओळख करून द्या. कुणाच्या मुलाला डिप्लोमा की अकरावी-बारावी ठरवायचं असेल तर अर्धा तास बसा. महिन्यातून दोन फोन असे करा ज्यात तुमचं काहीच काम नाही. सुरुवातीला विचित्र वाटतं. समोरचाही पाच मिनिटं वाट बघत असतो, की आता हा मूळ मुद्द्यावर येईल.

माणसं भेटतात कुठे

शॉपवर काम करणाऱ्यांसाठी मी सगळ्यात वर ठेवीन क्वालिटी सर्कल (कामातले प्रश्न मिळून सोडवणारे कामगारांचे गट) आणि कायझेनच्या (छोट्या-छोट्या सुधारणांच्या) स्पर्धा. क्वालिटी सर्कल फोरमच्या अधिवेशनांत ऑपरेटरसुद्धा स्टेजवर उभा राहून आपलं काम सांगतो, समोर दुसऱ्या कंपन्यांचे प्लँट हेड बसलेले असतात. एवढी चांगली जाहिरात पैसे देऊन मिळत नाही. तुमची कंपनी टीम पाठवत असेल तर हात वर करा. इंग्रजी येत नाही ही सबब तिथे चालत नाही. मशिन टूल्समधल्यांसाठी बंगळुरूचं इमटेक्स प्रदर्शन आहे. एकदा तरी स्वतःच्या खर्चाने जाऊन या. पुण्यात सेनापती बापट रोडवर मराठा चेंबर ही उद्योग-व्यापाराची संस्था आहे, १९३४ पासूनची, तिथल्या व्याख्यानांना आणि प्रशिक्षणांना मध्यम स्तरावरचे मॅनेजर येतात. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचे ग्रुप असतातच, फक्त त्यांत गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली कामाची गोष्ट शोधावी लागते.

टपरीबद्दल एक सांगायला हवं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर जेवढी भरतीची बातमी फिरते तेवढी कुठल्याही पोर्टलवर फिरत नाही. पण तिथे बायका उभ्या राहत नाहीत. त्यामुळे माझ्या क्षेत्रातल्या मुलींना बातमी उशिरा कळते, आणि मग आम्हीच म्हणतो, ‘मुलींचे अर्जच येत नाहीत.’ नाशिक फाट्याची ओळख मला मोलाची वाटते ती यामुळेच. मुलींनी आपला असा एखादा थांबा तयार करावा, आणि एचआरने जागेची बातमी टपरीवर सोडून गप्प बसू नये.

आता टेबलाच्या या बाजूला : जागेची बातमी नीट लिहा

दोन पानांची जेडी कुणी पुढे पाठवत नाही. तिच्यासोबत व्हॉट्सअॅपवर जाईल असा मजकूर तयार ठेवा. आमचा साधारण असा असतो :

‘व्हीएमसी सेटर, २ जागा, चाकण. फॅनुक कंट्रोल यायला हवा, अॅल्युमिनिअम मशिनिंगचा ३ ते ५ वर्षं अनुभव. तीन शिफ्ट, रविवार सुट्टी. बस भोसरी आणि मोशीहून. हातात २४ ते २८ हजार. बायोडेटा २० तारखेपर्यंत एचआरला. नोकरीसाठी कुणालाही पैसे द्यायचे नाहीत.’

(व्हीएमसी हे संगणकावर चालणारं उभं मिलिंग मशिन, फॅनुक त्याच्या कंट्रोलची कंपनी.) पगाराचा आकडा लिहू की नको, यावर आमच्याकडे दरवेळी वाद होतो. मी लिहिते. न लिहिल्याने जे चाळीस फोन येतात ते मलाच घ्यावे लागतात. बसचा मार्ग तर लिहाच. तो वाचूनच अर्धे लोक ठरवतात. शेवटची ओळही गाळू नका, कारण कंपनीचं नाव सांगून पैसे उकळणारे दलाल आमच्या पट्ट्यात आहेत.

मग कर्मचाऱ्यांना विचारा, पण नेमकं. ‘कुणी असेल तर सांगा रे’ याला उत्तर येत नाही. ‘तू आधी होतास तिथे फिक्स्चर सेटिंगला सगळ्यात हात कुणाचा चांगला होता?’ याला लगेच नाव येतं. असे दहा जणांना दहा वेगळे प्रश्न विचारायला एक दुपार लागते.

पोचवणं वेगळं, शिफारस वेगळी

कुणी नाव दिलं की मी एकच प्रश्न विचारते : तू याचं काम स्वतः बघितलंयस का? ‘मेव्हण्याचा मित्र आहे’ असं उत्तर आलं तरी बायोडेटा घेते, पण तो नुसता पोचवलेला धरते. ‘दोन वर्षं एका लाइनवर होतो, रात्रीच्या शिफ्टलाही रिजेक्शन लपवत नाही’, ही शिफारस. आमच्या फॉर्मवर या दोन चौकटी वेगळ्या आहेत. हे केल्यापासून लोकांची भीड सुटली. नाही म्हणता येत नसेल तर असं म्हणता येतं : ‘तुझं काम मी बघितलेलं नाही, म्हणून शिफारस करत नाही, पण बायोडेटा आजच पोचवतो.’ यात कुणी दुखावत नाही आणि तुमचा शब्दही स्वस्त होत नाही.

बायोडेटा ग्रुपवर फॉरवर्ड करायची सवय मात्र मोडा. त्यात फोन नंबर, पत्ता, सध्याचा पगार, सगळं असतं, आणि त्या ग्रुपात त्या माणसाचा सध्याचा बॉसही असू शकतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा पायाच संमती हा आहे. ‘तुझा बायोडेटा अमक्या कंपनीला देतोय, चालेल ना?’ एवढं विचारायला अर्धं मिनिट लागतं.

शिफारस करणाऱ्याला अधांतरी ठेवू नका

ही चूक मी स्वतः केली आहे. आधीच्या कंपनीत टूल रूमच्या एका काकांनी एक मुलगा सुचवला. मुलगा चांगला होता, पण जागा गोठवली गेली. मी मुलाला कळवलं, काकांना कळवायचं राहिलं. तीन आठवडे तो मुलगा त्यांना रोज संध्याकाळी घरी येऊन जागा पुन्हा कधी निघेल ते विचारत होता, आणि काकांकडे उत्तर नव्हतं. त्यांना वाटलं मुलगा खोटं बोलतोय, मुलाला वाटलं काकाच टाळतायत. काकांनी नंतर मला कधीच नाव दिलं नाही. टूल रूमची माणसं मिळणं किती अवघड असतं हे ज्यांना माहीत आहे त्यांना यातलं नुकसान कळेल.

तेव्हापासून नियम : नाव आल्यापासून कामाच्या तीन दिवसांत सुचवणाऱ्याला पोच, आणि निकाल काहीही लागो, उमेदवाराला कळवल्याच्या दिवशीच त्यालाही. कारण सांगायची गरज नाही. ‘या वेळी झालं नाही’ पुरतं.

बक्षिसाची रक्कम असेल तर अर्धी जॉइनिंगनंतर, अर्धी प्रोबेशन संपल्यावर. एचआर आणि ज्याच्या हाताखाली माणूस येणार तो मॅनेजर, या दोघांना बक्षीस नाही. सुचवणारा इंटरव्ह्यूच्या खोलीत नसावा, हे सांगावं लागू नये, पण लागतं.

अख्खी शिफ्ट एका गावची

ओळखीच्या भरतीचा हा मोठा तोटा. एकेकाला आणता आणता एक लाइन एकाच तालुक्याची होते. मग गावच्या जत्रेला सेकंड शिफ्ट रिकामी. एकाला मेमो दिला की बारा जण एचआरच्या दारात. आणि बाहेरगावचा नवा मुलगा तिथे महिनाभर टिकत नाही, कारण डबा त्याच्याबरोबर कुणी खात नाही. म्हणून मी एका विभागात निम्म्याहून जास्त माणसं ओळखीतून घेत नाही. बाकीची आयटीआयमधून, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालच्या अॅप्रेंटिसमधून, कॅम्पसमधून, पोर्टलवरून. ही रेघ माझ्या अनुभवाची आहे, तुमची वेगळी असेल. पण रेघ हवी.

ऑफर दिल्यावर आणि सोडून जाताना

नोटीस पिरियड ९० दिवसांचा असला की ऑफर घेतलेला माणूस मधे गळतो. काउंटर ऑफर तरी येते, नाहीतर तिसरी कंपनी. अशा वेळी सुचवणारा कामाला येतो. दर पंधरा दिवसांनी माझा एक फोन आणि मधे त्याचा एक. त्याला मुलगा खरं सांगतो, मला सांगत नाही.

इंटरव्ह्यूत दुसऱ्या नंबरवर राहिलेल्यांची वेगळी यादी ठेवा. पुढची जागा निघाली की आधी त्यांना फोन. प्रॅक्टिकल झालेली असते, कागद तपासलेले असतात.

आणि सोडून जाणाऱ्याशी भांडू नका. रिलिव्हिंग लेटर आणि फुल अँड फायनल हिशोब वेळेत द्या, पीएफच्या नोंदीत बाहेर पडल्याची तारीख भरा. ती तारीख राहिली की त्याला पुढे कधीकधी महिनोन्‌महिने खेटे घालावे लागतात, आणि त्या प्रत्येक खेपेला तो आपल्या नव्या कंपनीच्या बसमध्ये तुमच्याबद्दल बोलत असतो. वर सांगितलेला सीएमएमचा इंजिनिअर गेला तेव्हा त्याचे सगळे कागद आम्ही पंधरा दिवसांत दिले. परवा त्याचा फोन आला. त्याच्या नव्या प्लँटमधली एक शिफ्ट बंद होते आहे, दोन चांगले इन्स्पेक्टर मोकळे होतील, त्यांना विचारूनच नंबर देतोय म्हणाला. मी वही काढली.